वर म्हणजे कुठं?

“हे काय आहे? अंडं?”

“अंडं कसलं! बीकर आहे तो.”

“बीकरचं तोंड गोल असतं ताई. मी हातात धरलाय की. हे तर चपटलंय. कुणी बसलं का काय त्याच्यावर?”

मला असा राग आला म्हणता! इचलकरंजीत त्या काळी फिजिक्सची आकृती म्हटलं की लोक सरळ माझ्या दुकानाचा पत्ता सांगायचे. मगदूम ग्राफिक्स. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स सगळं मी करायचे, पण माझा खरा जीव प्रॅक्टिकल जर्नलच्या आकृत्यांत. संगणकावर कोरल ड्रॉमध्ये मी काढलेल्या काचेला अशी चकाकी यायची की बघणाऱ्यानं पुसायला रुमाल काढावा. बीकरचं तोंड मी लंबगोल काढायचे, कारण समोरून बघितलं की ते तसंच दिसतं. सगळे तसंच काढतात. आणि ही सोळा वर्षांची पोरगी मला विचारते, कुणी बसलं का म्हणून.

पण तिला समोरून बघायचंच नव्हतं. त्रिशला चौगुलेला जन्मापासून दिसत नव्हतं. दहावीला तिला ब्याऐंशी टक्के पडले होते आणि तिला सायन्सच घ्यायचं होतं. दुसरं काही नाही, सायन्सच. शाळेत विज्ञानाच्या पेपरात आकृती आली की तिला त्याऐवजी दुसरा प्रश्न द्यायचे. त्यामुळं आकृती म्हणजे नक्की काय असतं हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कॉलेजात प्रवेशाला गेल्यावर फिजिक्सच्या देशिंगकर सरांनी तिचे मार्क बघितले, तिला खुर्ची दिली आणि स्पष्ट सांगितलं, “मार्क उत्तम आहेत. पण इथं प्रयोग करावे लागतात आणि मी कुणाला माफीवर पास करत नाही. गुरुवारी ये. मी एक आकृती देईन. त्यावर नावं नसतील आणि कुणी काही बोलणार नाही. आकृती वाचून तू प्रयोग मांडलास, तर त्याच दिवशी मी सही करतो. नाही जमलं, तर आर्ट्सला जा, माझे आशीर्वाद आहेत.”

हे सगळं मला तिचे वडील, भूपाल चौगुले यांनी दुकानात उभ्या उभ्या सांगितलं होतं. यंत्रमागाचे जॉबर होते ते. बिघडलेला माग चालू करायचा, हे त्यांचं काम. जर्नलच्या मागच्या पानावर माझं नाव बघून आले होते.

“बाई, तुमच्या आकृत्या तिला बोटानं कळतील अशा काढून द्या.”

“चौगुले, मी संगणकावर काढते हो. पडद्यावरची रेघ बोटाला कशी कळणार?”

त्यांनी शेजारी उभ्या पोरीकडं बघितलं. तेवढ्यात त्रिशला म्हणाली, “माझ्या टी-शर्टवरचं फुलपाखरू मला कळतं की.”

मी बघितलं. गुलाबी टी-शर्टवर फुगीर फुलपाखरू होतं, तसलं, बाजारात मिळतं ते. मी बोट लावलं. पंख, मिशा, सगळं बोटाला लागत होतं. आयला, म्हटलं, हे तर आपल्या अस्लमभाईचं काम!

अस्लम मुजावर माझ्या थोरल्या भावाचा दोस्त. मागच्या गल्लीत त्याचा टी-शर्ट छापायचा कारखाना. फुगणारी शाई असते. ती छापायची, वरून गरम दाब द्यायचा, की छापलेलं वर येतं. मी त्याला म्हटलं, “ही शाई जाड कागदावर चालंल का?”

“कागदावर? येडी झालीस का अनू? कागद करपंल.”

“करपू दे. एक छापून तर बघ.”

एक छापला, तो करपला. दुसराही करपला. तिसऱ्याला त्यानं मध्ये सुती कापड धरलं आणि रेघ कशी टम्म फुगून वर आली! आम्ही दोघं नुसते त्या कागदावर बोटं फिरवत उभे राहिलो. अस्लमभाई म्हणाला, “आता ह्याचं पेटंट घेऊ.”

आणि त्याच कागदावर त्रिशलानं माझ्या बीकरला अंडं म्हटलं होतं. एवढंच नाही. मी बीकरला छान सावली घातली होती, पाण्याला निळा रंग भरला होता. भरलेला भाग सगळा फुगला. भाजलेल्या पापडासारखा झाला होता तो बीकर.

“आणि हे बाजूला खरखरीत काय आहे?” तिनं विचारलं.

“ती सावली आहे.”

“सावली वस्तू आहे का?”

“नाही.”

“हाताला लागते?”

“नाही गं बाई.”

“मग काढली कशाला?”

मी तिला हाताला धरून संगणकाशेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, “बस इथं. मी एकेक काढून टाकते, तू सांग काय ठेवायचं.”

तो दिवस मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर मी चित्रात भर घालत आले होते. त्या दिवशी फक्त काढून टाकत गेले. सावली गेली. चकाकी गेली. पाण्याचा रंग जाऊन पाण्याची एक रेघ राहिली. बाणांची टोकं गेली. बीकरचं लंबगोल तोंड राहिलं होतं, ते पुसायला माझा हात होईना.

“तोंड पुसलं तर बीकर उघडा आहे हे कसं कळणार तुला?” मी म्हटलं.

“बीकर उभा कापला असता तर काय राहिलं असतं?”

“दोन भिंती. आणि तळ.”

“मग तेवढंच काढा की. वरची बाजू उघडी सोडा. कापलेलं कलिंगड मला कळतं, तसा कापलेला बीकर कळंल.”

मी काढला. तीन रेघा. इंग्रजीतलं यू अक्षर. अस्लमभाईकडून छापून आणला. तिनं बोट फिरवलं, एका भिंतीवरून खाली, तळावरून पलीकडं, दुसऱ्या भिंतीवरून वर. मग मधल्या पाण्याच्या रेघेवर थांबली आणि ओरडलीच, “पाणी! अर्धा भरलाय!”

मी पण ओरडले. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, “काही नाही, पाणी सापडलं.” तो बिचारा खाली फरशीवर बघायला लागला.

त्यानंतर आम्हाला दोघींना चेवच चढला. थर्मामीटर झाला, स्प्रिंगचा काटा झाला, बॅटरी आणि दिवा झाला. प्रत्येक आकृतीत मी काहीतरी जास्तीचं काढलेलं असायचं आणि ती ते बरोबर पकडायची. वायरींना मी वळणं द्यायचे, दिसायला बरं म्हणून. ती म्हणायची, “ही वाट इतकी फिरून का चाललीय? मध्ये गाव लागतंय का?” मी चिडायचे, पुटपुटायचे आणि वायर सरळ करायचे. चौगुले कामावरून सुटले की यायचे, कोपऱ्यात उभे राहून बघायचे आणि जाताना एकच विचारायचे, “जमतंय न्हवं?”

“जमतंय म्हणजे? पळतंय!” मी सांगायचे.

आणि मग लंबक आला.

देशिंगकर सर नावं देणार नव्हते, म्हणून मीही तिला नाव सांगितलं नाही. नुसता कागद समोर ठेवला आणि शेजारी सामान. एक दांडी, दोरा, दोऱ्याला बांधायला लोखंडी गोळी आणि दांडी पकडायला चिमटा असलेला स्टँड. स्टँड मी चौगुल्यांकडून मागाच्या भंगारातून बनवून घेतला होता.

तिनं कागद वाचला. चटकन वाचला. “सोपं आहे. एक आडवी दांडी. दांडीला दोरा. दोऱ्याच्या टोकाला गोळी.”

“शाब्बास! मांड मग.”

तिनं दांडी उचलली आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला आडवी ठेवली. तिला दोरा बांधला. दोरा टेबलावरून सरळ स्वतःकडं आणला. त्याच्या टोकाला गोळी बांधली आणि गोळी स्वतःच्या पोटाजवळ, टेबलावर ठेवली. हात झटकले आणि म्हणाली, “झालं.”

मला आधी हसूच फुटलं. “अगं ए, हे काय? टांगायचं असतं ते!”

“टांगायचं कुठं दाखवलंय?”

“दांडी वर आहे ना!”

“कुठं वर?”

“कागदात बघ की. दांडी वर, गोळी खाली.”

तिनं परत कागदावर हात फिरवला. मग माझा हात धरला, माझं बोट त्या दांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “ताई, ही दांडी वर नाहीये. ही लांब आहे. गोळी खाली नाहीये, जवळ आहे. कागद टेबलावर पडलाय. ह्यात वर म्हणजे कुठं?”

मी त्या कागदाकडं बघत बसले. खरंच की! कागद आडवा होता. टेबलाला चिकटून. त्यावर वर असं काही नव्हतंच. कागदाच्या लांबच्या कडेला आपण सगळे वर म्हणतो, लहानपणापासून म्हणत आलो, कारण पाटी आणि फळा आपल्या डोक्यात एकच झालेत. तिच्या डोक्यात फळा नव्हता. तिनं आकृतीत होतं ते जसंच्या तसं मांडलं होतं आणि चुकीची मी ठरवत होते.

मी उठले, कागद उचलला आणि भिंतीवर चिकटपट्टीनं लावला, तिच्या छातीच्या उंचीवर. “आता वाच.”

तिनं हात लावला. बोट दांडीवरून दोऱ्यावर आलं, दोऱ्यावरून खाली सरकत गोळीपर्यंत गेलं. हात खाली जात होता, खरोखर खाली. तिचं तोंड उघडं पडलं.

“लोंबतोय,” ती म्हणाली. “ताई, हा लोंबतोय! झोका आहे हा! लंबक आहे!”

मग काय विचारता! घाईघाईनं वळताना तिनं स्टूल पाडलं, दांडी स्टँडला चिमट्यात धरली, गोळी टांगली, सोडली, आणि दोऱ्याजवळ तळवा धरून गोळी येते कधी, जाते कधी ते मोजत राहिली.

पण त्यातून नवंच लफडं उभं राहिलं. मी माझी जुनी जर्नलं काढून चाळायला लागले. लंबक उभा. बीकर उभा. पण काचेच्या ठोकळ्यातून प्रकाश जातो ती आकृती आडवी, वरून बघितल्यासारखी. वायरींच्या आकृत्या आडव्या. आणि एका पानावर तर दिवा उभा आणि त्याची बॅटरी आडवी! कोणती आकृती टेबलावरची आणि कोणती टांगलेली, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पोरं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून डाव्या पानावर आकृती उतरवतात, शेजारच्या टेबलावर बघून प्रयोग मांडतात. आकृती वाचायला कधी कुणाला लागलीच नव्हती.

“एक खूण करू,” मी त्रिशलाला म्हटलं. “उभी आकृती असली की तळाला एक जाड पट्टी काढीन. ती जमीन. जमीन दिसली की समजायचं, उभं आहे.”

“भारी!” ती म्हणाली.

जमिनीच्या पट्टीनं काम फत्ते झालं. मी काहीही समोर ठेवावं आणि तिनं मांडावं. बुधवारी संध्याकाळी तर ती मलाच चिडवायला लागली, “ताई, जरा अवघड काढा की. झोप यायला लागलीय.”

मी अस्लमभाईला म्हटलं, “उद्या पेढे.” तो म्हणाला, “आधी उद्या तर येऊ दे.”

गुरुवारी सकाळी मी ती आकृती घ्यायला देशिंगकर सरांच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले. उंच, वाळका माणूस, पांढराशुभ्र सदरा. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाचं एक पान मला दिलं. बलांचा प्रयोग. एका उभ्या फळीवर वरच्या दोन कोपऱ्यांत दोन कप्प्या. त्यांच्यावरून एक दोरा, दोन्ही टोकांना वजनं. दोऱ्याच्या मध्यावर एक गाठ आणि त्या गाठीपासून तिसरं वजन लोंबतंय.

“दुपारपर्यंत छापून आणा,” ते म्हणाले. “आकृतीत आहे तेवढंच. नावं नाहीत.”

“हो सर. फक्त तळाला एक पट्टी घालते.”

“कसली पट्टी?”

मी सांगितलं. उभी, आडवी, जमीन, सगळं. हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नाही.”

“अहो सर, का नाही?”

“माझ्या आकृतीत पट्टी नाही. बाकीच्या मुलांना मी पट्टी देत नाही.”

“बाकीच्या मुलांना डोळे दिलेत की देवानं!”

“मॅडम, पुढं बारावीच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक येईल. तो हिला पट्टी काढून देणार आहे का? तुम्ही येणार आहात तिथं? जे पुस्तकात आहे, त्यावरून तिला कळायला पाहिजे. आणि कागद टेबलावरच ठेवायचा, भिंतीवर नाही.”

मला इतका संताप आला की काय सांगू. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. तरातरा दुकानात आले आणि मशीन चालू केलं. फळीचा चौकोन, दोन वर्तुळं, पाच रेघा, एक ठिपका, तीन छोटे चौकोन. हात आपोआप तळाशी जायचा, जमिनीची पट्टी ओढायला. दोनदा ओढली आणि दोनदा पुसली.

फिल्म घेऊन अस्लमभाईकडं धावले. त्यानं जाळी तयार करून कागद छापला. आता फक्त गरम दाब द्यायचा, आणि फट्! लाईट गेली.

“भारनियमन,” अस्लमभाई म्हणाला. “आता चारपर्यंत विसर.”

“चारपर्यंत? पोरगी दोन वाजता तिथं उभी राहणार!”

“मग मी काय फुंकर मारून फुगवू?”

दोघंही एकमेकांकडं बघत उभे. आणि एकदम दोघांनाही एकच सुचलं. समोर परटाचं दुकान होतं. कोळशाची इस्त्री! अस्लमभाई पळत गेला, कुणाच्या तरी अर्ध्या शर्टावरून इस्त्री उचलून आणली, मागून परीट ओरडत आला. सुती कापड टाकलं आणि अस्लमभाईनं श्वास रोखून इस्त्री फिरवली. मी म्हणत होते, “करपेल, करपेल,” परीट म्हणत होता, “अहो दाबू नका, नुसती सरकवा,” आणि कापड उचललं तर काय! एकेक रेघ भरदार वर आलेली. परटानंही बोट लावून बघितलं.

दोन वाजता प्रयोगशाळेत त्रिशला टेबलापुढं उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, वेणी करकचून बांधलेली. चौगुले दाराबाहेर, हातातली टोपी पिळत. सरांनी मला खिडकीपाशी उभं केलं. “एक शब्द नाही. खोकायचंही नाही.”

टेबलावर सामान होतं. पायावर उभी करता येईल अशी फळी, तिला लावायच्या दोन कप्प्या, दोरा, वजनं. सरांनी कागद टेबलावर ठेवला. आडवा.

“कर सुरू.”

तिची बोटं कागदावर फिरली. पहिल्यांदा तळाकडं गेली. ती पट्टी शोधत होती. डावीकडून उजवीकडं, परत डावीकडं. पट्टी नव्हती.

पट्टी नाही म्हणजे आडवी. आम्हीच ठरवलं होतं ना! तिनं फळी उचलली आणि टेबलावर आडवी टाकली. पलीकडच्या दोन कोपऱ्यांत कप्प्या बसवल्या. कप्प्यांवरून दोरा घेतला. वजनं बांधली आणि ती टेबलावर आपल्या बाजूला ओढून ठेवली. मधल्या गाठीला तिसरं वजन बांधलं आणि तेही जवळ ओढून ठेवलं. मी नखं तळव्यात रुतवून उभी होते. वाटत होतं, ओरडावं, उचल गं बाई, उचल ते! गेलं सायन्स, गेलं सगळं, आणि तेही माझ्या त्या पट्टीपायी. सरांचा चेहरा तर दगडाचा.

“झालं?” त्यांनी विचारलं.

ती हो म्हणणार होती. मला तिचे ओठ हललेले दिसले. पण तिचा एक हात मांडलेल्या दोऱ्यांवर होता आणि एक कागदावर. ती थांबली.

“नाही सर. काहीतरी चुकतंय.”

“काय?”

“ही वजनं काहीच करत नाहीत. मी ओढून ठेवली म्हणून इथं आहेत. सोडली की दोरे ढिले पडतात. कागदात सगळे दोरे ताठ आहेत.”

तिनं दोन्ही हात कागदावर ठेवले. तीन बोटं तीन लोंबत्या रेघांवर ठेवून एकदम स्वतःकडं ओढली, परत लांब नेली, परत ओढली.

“गाठीपासून कप्प्यांपर्यंतच्या दोन रेघा तिरक्या आहेत,” ती स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागली. “त्या कशाही असतील. पण ह्या तीन रेघा एकसारख्या आहेत. जराही तिरक्या नाहीत. तीन वेगवेगळी वजनं आहेत, वेगवेगळ्या जागी आहेत, मग तिन्ही एकाच बाजूला कशी काय ओढली जातात? मी ओढायला लागले तर तीन रेघा तीन तऱ्हेच्या होतील. हे माणसाचं काम नाही.”

तिनं मान वर केली.

“पृथ्वी ओढतीय,” ती म्हणाली. “सर, ही माझ्याकडची बाजू नाही. ही खालची बाजू आहे!”

आणि तिनं काय केलं, तर कागद दोन्ही हातांनी उचलून हवेत उभा धरला. मग कागद ठेवला, फळीवरची वजनं भराभर सोडली, फळी उचलून टेबलावर उभी केली. कप्प्या वर. दोरा कप्प्यांवरून. एक वजन इकडं, एक वजन तिकडं. मधल्या गाठीला तिसरं. तिनं हात काढून घेतले. फळी जरा थरथरली, वजनं डोलली, गाठ वरखाली झाली आणि एका जागी येऊन थांबली. पाचही दोरे ताठ.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी तोंडावर पदर दाबून धरला, खोकायचं नव्हतं ना.

देशिंगकर सर पुढं आले. त्या फळीकडं बघत राहिले, मग टेबलावरच्या कागदाकडं. सावकाश खाली वाकून त्यांनी त्या तीन रेघांवर स्वतःची तीन बोटं ठेवली.

“चोवीस वर्षं शिकवतोय मी हे,” ते हळूच म्हणाले. “ह्या रेघा समांतर का आहेत, हे मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.”

मग सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडं वळले. आवाज पुन्हा नेहमीसारखा कडक. “मॅडम, पुस्तकातल्या बाकीच्या आकृत्या कधी देताय? कॉलेज सुरू व्हायच्या आत पाहिजेत.”

“देते सर,” मी म्हटलं. “पट्टी न घालता देते.”

दारातून चौगुले आत आले होते. त्यांना समजलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण सरांपुढं हात जोडून उभे होते. सरांनी टेबलाच्या कोपऱ्यावर प्रवेशाचा अर्ज उघडला, सही केली आणि म्हणाले, “त्रिशला चौगुले, तुला प्रवेश दिलाय.”

तिचं लक्षच नव्हतं. तिनं ती गाठ चिमटीत धरून खाली ओढली होती. सोडली. गाठ वर गेली, हलली आणि परत आपल्या जागी येऊन थांबली. तिनं ती डावीकडं ओढली. सोडली. परत तिथंच. उजवीकडं ओढली. परत तिथंच.

“त्रिशला, ऐकलंस का? प्रवेश दिलाय,” सर पुन्हा म्हणाले.

“थांबा की सर जरा,” ती म्हणाली. “ही परत परत तिथंच का येतीय?”